जनुक शाबूत, काटे गायब

माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २० हजार. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलिगन्स या सूत्रकृमीतही जवळपास तितकीच! मग जीवसृष्टीत एवढं वैविध्य येतं कुठून?

मला सर्वांत पटणारं उत्तर स्टिकलबॅक या बोटभर माशात सापडतं. समुद्री स्टिकलबॅकच्या पोटाखाली टोकदार काट्यांची जोडी असते. गिळायला आलेल्या मोठ्या माशाच्या तोंडात ती रुतते. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग सरताना, उत्तरेकडच्या नव्या तळ्यांत हे मासे शिरले आणि तिथलेच झाले. त्यांतल्या काही तळ्यांत पिढ्या लोटता लोटता हे काटे नाहीसे झाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड किंग्सली यांच्या गटाने कारण शोधलं. काटे घडवणारं ‘पिटएक्स-१’ हे जनुक बिनकाट्यांच्या माशांतही शाबूत होतं. गळला होता तो त्याच्या जवळचा डीएनएचा तुकडा, म्हणजे हे जनुक पोटाखाली चालू करणारा स्विच. जबड्याच्या वाढीलाही हेच जनुक लागतं. ते स्वतःच निकामी झालं असतं, तर मासा जगणं कठीण होतं. फक्त स्विच गेला, म्हणून फक्त काटे गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तो स्विच जोडलेलं जनुक बिनकाट्यांच्या माशांत घातलं, तेव्हा पोटाखालची हाडं पुन्हा वाढली. किती सुंदर पुरावा!

उंदराचे मागचे पाय आणि माणसाचे पाय घडतात, तेही याच जनुकाच्या मदतीने. म्हणजे जनुकं तीच असली, तरी ती चालू करणारे स्विच बदलले की वैविध्य येतं.