इब्री म्हणजे पल्याडचा

ग्रंथालयात एक पुस्तक चाळताना ‘शनिवार तेली’ हा शब्द दिसला आणि मी तिथेच थांबलो. माझ्या आजोबांचा तेलघाणा होता. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिलाच. तरी गावात माझी ओळख अजून ‘तेल्याचा पोट्टा’ अशीच. आमच्या घाण्याला सुटी मिळे ती पोळ्याला, तीही बैलांमुळे. मग दर शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली कोण?

ते कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी आपलीशी केली, गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे घेतली. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा धर्मदिवस. शेजाऱ्यांनी तेवढेच पाहिले आणि नाव ठेवून दिले. सोमवारी घाणा थांबवणारे हिंदू, ते सोमवार तेली! ते स्वतःला मात्र ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलची लेकरे, म्हणवीत. इस्रायल हे त्यांचा पूर्वज याकोब याचे दुसरे नाव.

‘यहुदी’ हा शब्द याकोबाचा मुलगा यहूदा याच्या नावावरून आला. आपल्याकडे तो अरबी-फारसीच्या वाटेने पोचला. अचलपुरातले माझे उर्दू बोलणारे मित्रही तोच वापरतात. खरी मौज ‘इब्री’ या शब्दाची आहे. बायबलमध्ये तो प्रथम अब्राहामाला लावलेला आढळतो. काहींच्या मते तो एबेर नावाच्या पूर्वजावरून आला. दुसरे मत असे, की ‘ओलांडणे’ या अर्थाचा ‘अवर’ हा धातू त्याच्या मुळाशी आहे. इब्री म्हणजे नदी ओलांडून आलेला. नदी अर्थात फरात. मला हेच मत पटते. कारण बायबलमध्ये हा शब्द बहुधा परक्यांच्या तोंडी येतो, नाहीतर परक्याला ओळख सांगताना. वादळात सापडलेला योना खलाशांना ‘मी इब्री’ असेच सांगतो. आमच्याकडेही नदीच्या त्या काठच्या माणसाला ‘पल्याडचा’ म्हणतात. घरी बसून तो स्वतःला तसे कशाला म्हणेल?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या यहुदीपणाचीच शंका काढली! त्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत यहुदी मानले.

हे सारे मी आजोबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यायचा घाना एका बैलाचा व्हता का दोनाचा?”

ते काही पुस्तकात नव्हते.