फटाक्यांना नियम आहेत. पेटवणाऱ्या हातांचे काय?

दिवाळीपूर्वी फटाक्यांच्या दुकानासमोर सर्वाधिक वेळ रेंगाळणारा ग्राहक बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो. तो निरखत असलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने स्फोटक आहे, याची कल्पना त्याच्या पालकांनाही क्वचितच असते. १८८४ च्या स्फोटके अधिनियमाच्या व्याख्येत शोभेच्या दारूचा समावेश आहे. याच अधिनियमाच्या कलम ६-अ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस स्फोटके तयार करण्यास, विकण्यास व वाहून नेण्यास मनाई आहे. मुलाला स्टॉलवर बसवून जेवायला जाणारा विक्रेता ही मनाई मोडत असतो. फटाका कोणत्या वयापासून पेटवावा, हे मात्र हे कलम सांगत नाही. तो निर्णय घरचा.

इतर नियमांचा रोख मुख्यतः आवाज आणि धूर यांवर आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांच्या उत्पादन व विक्रीवर १९९९ च्या अधिसूचनेने बंदी घातली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजी फटाके वाजविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. रुग्णालये व शाळांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रातही ते वाजविता येत नाहीत. दिल्लीतील तीन तान्ह्या मुलांच्या वतीने २०१५ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये निकाल दिला आणि दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. फटाक्यांच्या माळा, बेरियमचे क्षार व ऑनलाइन विक्री यांवर बंदी आली. परवानगी उरली ती कमी प्रदूषण करणाऱ्या 'हरित' फटाक्यांना. नागपूरच्या 'नीरी'च्या पुढाकाराने विकसित झालेल्या या फटाक्यांतून सूक्ष्म कण किमान तीस टक्के कमी बाहेर पडतात. याचा अर्थ ते हातात धरण्यास निर्धोक आहेत असा नव्हे. भाजण्याच्या बाबतीत हरित आणि साधा हा भेद निरर्थक आहे.

'निरुपद्रवी' म्हणून लहानांच्या हाती दिले जाणारे प्रकारही तपासून पाहण्याजोगे आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये केलेल्या मोजणीत सर्वाधिक सूक्ष्म कण आढळले ते नागगोळीच्या धुरात. आवाज नाही म्हणून ती मुलांना दिली जाते, आणि मुले तिच्यावर वाकून बसतात. फुलबाजीच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. विझलेली तारही बराच वेळ तापलेली राहते आणि अनवाणी पायाखाली येते. ती टाकण्यासाठी पाण्याची बादली जवळ हवीच.

गंभीर इजा पुष्कळदा होते ती न फुटलेल्या फटाक्याने. वात विझली असे समजून मूल भुईनळ्यावर वाकते, नेमक्या त्याच क्षणी तो उडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात 'कार्बाइड गन'ने अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, तीही याच रीतीने. प्लॅस्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड व पाणी एकत्र आले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. बार का उडाला नाही हे पाहायला मूल नळीत डोकावते. हे कोणत्याही परवानाधारक कारखान्याचे उत्पादन नव्हे. त्याला ना प्रमाण, ना तपासणी. असे खेळणे घरात दिसताच काढून घ्यावे.

भाजल्यास तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि डॉक्टरांचे काम वाढते. कार्बाइडसारखे रसायन डोळ्यात गेले असल्यास लगेच स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवावा, कारण त्यातून तयार होणारा चुना बुबुळ जाळत राहतो. डोळ्यात काही घुसले असल्यास मात्र धुऊ नये, चोळू नये, दाबू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर अलगद झाकून मुलाला थेट नेत्ररुग्णालयात न्यावे.