घोळणा फुटला म्हणजे ऊन बाधले काय?

चैत्र-वैशाखात घरच्या कुत्र्याचा घोळणा फुटला की 'ऊन बाधले' असा निवाडा देऊन त्याच्या डोक्यावर पाणी मारण्याची आणि पुढ्यात ताकाचे भांडे सारण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. परंतु त्याच वेळी हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके आणि पोटाच्या कातडीवर निळसर डाग दिसत असतील, अन्नावरची वासना उडाली असेल, तर दोष उन्हाचा नसून गोचिडीवाटे रक्तात शिरलेल्या 'एर्लिकिया कॅनिस' या जिवाणूचा असण्याचा संभव मोठा. हा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत ठाण मांडतो, आणि त्याच्या उपद्रवाने रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या प्लेटलेट झपाट्याने घटतात. अल्जीरियात १९३५ साली दोनात्यां आणि लेस्तोकार या संशोधकांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन फौजेची शेकडो कुत्री याच रोगाने दगावली, तेव्हा कोठे जगाने त्याची गंभीर दखल घेतली.

'अंगावर एकही गोचीड नाही, मग ताप गोचिडीचा कसा?' हा प्रश्न दवाखान्यात हमखास विचारला जातो. पोट भरलेली गोचीड गळून पडते आणि लक्षणे त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी उमटतात. शिवाय पहिला ताप आपोआप ओसरून कुत्रा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, वरकरणी धडधाकट राहतो, आणि त्या अवधीत काहींच्या अस्थिमज्जेचा ऱ्हास मुकाट्याने सुरू होतो.

गोचिडी वेचून रॉकेलात टाकल्या की बंदोबस्त झाला, ही समजूत तर फारच भाबडी. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा यजमानाचे रक्त पिते व तीनदा खाली उतरते. तिचा खरा मुक्काम भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे आणि कुत्र्याच्या गोणपाटाखाली असतो, तेथेच मादी हजारो अंडी घालते, आणि उपाशी गोचीड कित्येक महिने तग धरते. म्हणून औषध कुत्र्याला आणि घराला एकाच वेळी हवे. मात्र गोठ्यात फवारायचे जहाल औषध अदमासाने कुत्र्याच्या अंगावर ओतू नये. त्यापायी विषबाधा होते. चिकटलेली गोचीड काडीपेटीने न चटकावता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपसावी, बोटांनी चिरडू नये.

उपचाराविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. डॉक्सिसायक्लिन सुरू होताच दोन-तीन दिवसांत कुत्रा उठून शेपूट हलवू लागतो, आणि धनी उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून मोकळा होतो. वास्तविक औषधाची प्रचलित मुदत अठ्ठावीस दिवसांची आहे आणि शेवटी रक्त तपासून प्लेटलेटची रुजुवात घेणे अगत्याचे आहे. पपईच्या पाल्याचा रस हा जिवाणू मारीत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः आयबुप्रोफेनने, रक्तस्राव वाढतो. हीच गोचीड बबेसिया नावाचा निराळा परोपजीवीही वाहून आणते. तो जिवाणू नव्हे, त्याचा इलाज वेगळा, म्हणून रक्ततपासणीशिवाय शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी आपल्या कुत्र्याला लागू करणे हा शुद्ध आडमुठेपणा होय.

एकदा रोग झाला म्हणजे जन्माची प्रतिकारशक्ती आली, असेही नाही. या जिवाणूविरुद्ध कुत्र्यांसाठी लस प्रचारात नाही, आणि बरा झालेला कुत्रा नव्या गोचिडीच्या दंशाने पुन्हा आजारी पडू शकतो. तेव्हा पशुवैद्यांनी ठरवून दिलेल्या गोचीडनाशकात पावसाळा असो वा हिवाळा, खंड पाडू नये.