‘कॉपी-पेस्ट’ नव्हे! जुना गेम नव्या कन्सोलवर येतो तेव्हा

नवा कन्सोल बाजारात आला की तक्रारही ठरलेली. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ आला तेव्हाही ती झालीच. “दहा वर्षांपूर्वीचा गेम पुन्हा विकायला काढला. काम काय केलं? कॉपी-पेस्ट. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पैसे मात्र परत.” गेम खेळणारी मुलं हे म्हणतात, त्यांचे आईवडील म्हणतात, आणि कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसंही म्हणतात, याचा जास्त त्रास होतो. बड्या कंपन्या आपली बाजू मांडायला समर्थ आहेत. पण इंडी गेम एकट्यादुकट्याने किंवा पाच-दहा जणांच्या चमूने बनवलेले असतात. त्यांच्या बाबतीत हा आरोप चुकीचा तर आहेच, शिवाय तो अन्याय करणारा आहे.

‘केव्ह स्टोरी’चंच उदाहरण घ्या. दाइसुके अमाया या जपानी माणसाने नोकरी सांभाळून पाच वर्षं एकट्याने हा गेम बनवला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. डिसेंबर २००४ मध्ये त्याने तो पीसीसाठी फुकट खुला केला. पुढे निकॅलिस या कंपनीने तो २०१० मध्ये निन्टेन्डोच्या वीवर आणि २०१७ मध्ये स्विचवर आणला. दिसायला साधा, जुन्या धाटणीचा, ३२० बाय २४० पिक्सेलचा गेम. आजच्या यंत्राला यात जड काय जाणार?

जड काहीच जात नाही, अडचण वेगळीच आहे. मूळ ‘केव्ह स्टोरी’ सेकंदाला ५० फ्रेमनी, म्हणजे ५० चित्रांनी, चालतो आणि त्याचं सगळं गणित फ्रेमवर बेतलेलं आहे. पात्र एका फ्रेममध्ये किती सरकणार, एका फ्रेममध्ये गुरुत्वाकर्षण त्याला किती खाली खेचणार, असा हिशेब. टीव्ही आणि कन्सोल सहसा चालतात सेकंदाला ६० फ्रेमनी. कोड जसाच्या तसा ६० वर चालवला, तर अख्खा गेम वीस टक्के वेगाने पळू लागेल. मग वेग कमी करायचा. प्रत्येक वेगाला पाच षष्ठांशाने गुणायचं. पण गुरुत्वाकर्षण हा वेग नव्हे, वेगातला बदल आहे. तिथे पाच षष्ठांशाचा वर्ग लागतो, म्हणजे २५ भागिले ३६. अमायाच्या कोडमध्ये एका पिक्सेलचे ५१२ भाग केलेले आहेत आणि सगळे आकडे पूर्णांकांत आहेत. त्याचं गुरुत्वाकर्षण आहे ८०. त्याला २५ भागिले ३६ ने गुणलं की येतात ५५.५५. पूर्णांकात हा आकडा बसत नाही. ५५ धरा नाहीतर ५६ धरा, उडी मूळ उंचीपासून जराशी हलणारच. तो गेम वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाच्या बोटांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि मग तोच म्हणतो, “पोर्टिंग फसलंय,” म्हणजे गेम नव्या यंत्रावर नीट उतरवलेला नाही.

यातून वाटा निघतात. आकडे अपूर्णांकांत नेऊन प्रत्येक शत्रू, प्रत्येक गोळी, प्रत्येक सरकती फळी पुन्हा तपासायची. किंवा गेमचं गणित ५० वरच ठेवायचं आणि मधल्या क्षणांची चित्रं हिशेबाने काढून ६० भरायच्या. दोन्हींत काम आहे, आणि दोन्हींत नव्या चुका शिरायला जागा आहे. हे फक्त जुन्या छोट्या गेमपुरतंही नाही. ‘डार्क सोल्स २’ हा २०१४ चा चांगला मोठ्या कंपनीचा गेम. पीसीवर तो ६० फ्रेमने चालवला की शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची. कारण हेच, हिशेब फ्रेमला बांधलेला.

फ्रेमचं झालं, आता आकड्यांचंच बघा. घरगुती पीसीचा प्रोसेसर एखादा मोठा आकडा मेमरीत साठवताना त्याचा लहान हिस्सा आधी ठेवतो. वी, एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांच्या प्रोसेसरमध्ये हा क्रम उलटा होता. पीसीवर चार बाइटांत लिहिलेला १ हा आकडा तिथे आहे तसा वाचला, तर तो १,६७,७७,२१६ निघतो. पात्राकडे एक क्षेपणास्त्र असावं तिथे जवळजवळ पावणेदोन कोटी! लेव्हलची प्रत्येक फाइल, सेव्ह केलेला प्रत्येक खेळ, सगळीकडे हा क्रम सांभाळावा लागतो. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले तेव्हा क्रम पुन्हा पीसीसारखा झाला. म्हणजे ३६० साठी घडवलेला गेम पुढे नेताना हीच कसरत उलट दिशेने करायची.

आणि पडदा? २४० ओळींचं चित्र स्विच हातात धरून खेळताना ७२० ओळींवर बरोबर तिप्पट बसतं. तोच स्विच टीव्हीला जोडला की १०८० ओळी होतात, म्हणजे साडेचार पट. अर्धा पिक्सेल काढता येत नाही. मग काही पिक्सेल चार ओळींचे आणि काही पाचांचे होतात, पात्र चालताना त्याच्या कडा लुकलुकतात. ते टाळायला भोवती काळी चौकट सोडा, नाहीतर चित्र थोडं मऊ करा, नाहीतर चित्रंच नव्याने काढा.

हे सगळं एका गेमचं, आणि तोही ज्याचा कोड हाताशी होता आणि नेहमीच्या भाषेत लिहिलेला होता. ‘फेझ’ची गोष्ट आणखी अवघड. एप्रिल २०१२ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेला हा गेम सी शार्प भाषेत, मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या साधनावर लिहिला होता. सोनीच्या कन्सोलवर एक्सएनए नव्हतंच, आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही त्याचा पुढचा विकास थांबवला. सी शार्पचा कोड सहसा गेम चालू असताना यंत्राच्या भाषेत बदलला जातो. असं चालता चालता नवा कोड तयार करायला बहुतेक कन्सोल सुरक्षेच्या कारणाने मनाई करतात. मार्च २०१४ मध्ये ‘फेझ’ प्लेस्टेशनवर आला, तो बार्सिलोनाच्या ब्लिटवर्क्सने त्याचा कोड सी प्लस प्लसमध्ये उतरवल्यानंतर. भाषा दुसरी, यंत्र दुसरं, आणि खेळणाऱ्याला फरक जाणवता कामा नये. याला कॉपी-पेस्ट म्हणायला जीभ कशी रेटते?

एक्सएनएवर त्या काळात शेकड्यांनी गेम बनले. ते आज नव्या यंत्रांवर चालू शकतात ते मोनोगेम आणि एफएनए या मुक्त प्रकल्पांमुळे. मायक्रोसॉफ्टने सोडून दिलेली साधनं या प्रकल्पांतल्या लोकांनी नव्याने लिहून काढली आणि कोणालाही वापरायला दिली. याची जाणीव फार थोड्यांना आहे.

कोड चालू लागला की कन्सोल-कंपनीची तपासणी येते. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबतो का? सेव्ह होताना यंत्र झोपवलं तर फाइल शाबूत राहते का? जागा संपली तर नीट संदेश येतो का? बटणांची नावंही बरोबर लागतात. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ए खाली असतो आणि बी उजवीकडे, निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर नेमकं उलट. “ए दाबा” ही साधी सूचना घ्या. अक्षर तेच ठेवलं तर बोटाची जागा बदलते, जागा तीच ठेवली तर अक्षर बदलावं लागतं. ‘वर्ल्ड ऑफ गू’ २००८ मध्ये वीवर आला तेव्हा खेळणारा रिमोट टीव्हीकडे रोखायचा आणि टीव्हीपाशी ठेवलेल्या इन्फ्रारेड पट्टीवरून रिमोटला दिशा कळायची. २०१७ मध्ये तो स्विचवर आला, तिथे ती पट्टीच नाही. जॉय-कॉन या स्विचच्या कंट्रोलरच्या आतल्या जायरोवर, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर, तेच काम करून घ्यावं लागलं, आणि हातात धरून खेळणाऱ्यांसाठी बोटाने स्पर्श करायची वेगळी सोय द्यावी लागली.

हक्कांचा प्रश्न तर कोडच्या बाहेरचा. ‘सुपर मीट बॉय’ २०१० चा. २०१५ मध्ये तो प्लेस्टेशन ४ वर आला तेव्हा त्याचं गाजलेलं संगीत त्यात नव्हतं, कारण मूळ संगीतकाराशी नव्या आवृत्तीसाठी समझोता झाला नाही. इतर संगीतकारांकडून सगळं संगीत नव्याने करून घ्यावं लागलं.

“ठीक आहे, काम आहे. पण पैसा तर बख्खळ मिळतो ना?” हा याच गैरसमजाचा दुसरा भाग, आणि तो तितकाच हट्टी आहे. जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ २००८ मध्ये आला. इंडी गेमही गंभीरपणे घ्यावेत हे ज्या थोड्या गेमनी लोकांना पटवलं, त्यांपैकी हा एक. त्याच्या वर्धापन आवृत्तीची घोषणा ऑगस्ट २०२० मध्ये झाली, गेम हाती पडला मे २०२४ मध्ये. मूळ चित्रं ७२० ओळींच्या पडद्यासाठी होती, ती हाताने पुन्हा रंगवली. ध्वनी नव्याने केला. गेम कसा घडला हे उलगडून सांगणारं पंधरा तासांहून अधिक भाष्य त्यात घातलं, नवी कोडी घातली. इतकं सगळं केल्यावर विक्री अत्यंत वाईट झाली, असं ब्लो यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. ज्याचं नाव प्रत्येक इंडी-प्रेमीला ठाऊक, त्याची ही गत.

आता तक्रारीतला खरा भागही मान्य करायला हवा. ‘केव्ह स्टोरी’ची स्विच आवृत्ती ३० डॉलरला आली. तेव्हा तीच सुधारित आवृत्ती पीसीवर त्याच्या निम्म्या किमतीत मिळत होती आणि २००४ ची मूळ आवृत्ती तर फुकट होती. लोक चिडले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. ती किंमत जास्तच होती. पण किंमत जास्त असणं आणि काम शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तक्रारीचा निवाडा गिऱ्हाईक खिशातून करू शकतो. दुसरी तक्रार सरळ खोटी आहे, आणि ती ज्यांच्या माथी मारली जाते त्या प्रोग्रॅमरची नावं गेमच्या शेवटी श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत सरकून जातात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“युनिटी, अनरियल अशा तयार गेम-इंजिनांत बटण दाबलं की कुठल्याही कन्सोलसाठी गेम तयार होतो.” बटण आहे, आणि ते दाबल्यावर जे तयार होतं तिथून काम सुरू होतं. मेमरी, वेग, सेव्ह, खाती, तपासणी हे सगळं पुढे उरतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ अनरियलवरच बनला आणि ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. एवढ्याशा चमूकडे पोर्टिंगसाठी वेगळा विभाग नसतो, जे गेम बनवतात तेच हेही निस्तरतात.

“नवा कन्सोल घेतला की सगळे गेम पुन्हा विकत घ्यावे लागतात.” नाही. स्विचचे बहुतेक गेम स्विच २ वर तसेच चालतात. हॅलो गेम्सने तर ‘नो मॅन्स स्काय’ची स्विच २ आवृत्ती आधीच्या ग्राहकांना मोफत दिली.

“चूक राहिली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते.” आज बऱ्याच अंशी खरं, पण २०१२ मध्ये ‘फेझ’च्या एका दुरुस्तीने काही जणांच्या सेव्ह फाइल बिघडल्या, तेव्हा पुन्हा तपासणी करून घ्यायची तर मायक्रोसॉफ्टकडे हजारो डॉलर भरावे लागतील म्हणून ‘फेझ’ बनवणाऱ्या पॉलिट्रॉनने नवी दुरुस्ती केलीच नाही, तीच पुन्हा उपलब्ध करून दिली. मायक्रोसॉफ्टने हे शुल्क पुढच्या वर्षी बंद केलं.

“जुना गेम आहे तिथे मिळतोच, नवी आवृत्ती कशाला?” तो कायम मिळत नाही. वीचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, निन्टेन्डोच्याच वी यू आणि थ्रीडीएसचं २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. इंडी गेम बहुतांशी डिस्कवर निघालेच नव्हते. दुकान बंद झालं की जो गेम दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर नेला गेला नसेल तो कायदेशीरपणे विकत मिळत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे प्रकाशित झालेल्या गेमपैकी जेमतेम १३ टक्के तेव्हा बाजारात मिळत होते, असं त्यांना आढळलं.

नव्या कन्सोलवर एखादा जुना इंडी गेम दिसला आणि महाग वाटला, तर घेऊ नका, स्वस्त होईपर्यंत थांबा. घेतलात आणि उडी चुकली, चित्र लुकलुकलं, सेव्ह उडालं, तर नेमकं काय बिघडलं ते लिहून बनवणाऱ्यांना कळवा. छोट्या चमूंना अशा तक्रारीचा खरोखर उपयोग होतो. आणि काहीच बिघडलेलं दिसलं नाही, सगळं जुन्यासारखंच वाटलं, तर ते कुणीतरी महिनोन्‌महिने बसून तसं केलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा.