लेझर घरात, धूर घराबाहेर!

लेझर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमधला हेलियम-निऑनचा तो लाल ठिपका आठवतो. ग्रेटिंग लावा, ठिपके मोजा, जर्नल पूर्ण करा, सही घ्या, विषय संपला! पण त्याच लेझरचा एक दांडगा भाऊ आता घरातल्या टेबलावर येऊन बसला आहे. तो अ‍ॅक्रिलिक कापतो, लाकडावर नावं कोरतो, पुठ्ठ्याची नक्षी काढतो. आमच्या उमरखेडला माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, असं एक मशीन घरी आणलं. नेमप्लेट, ट्रॉफी आणि लग्नातल्या रुखवताच्या वस्तू करायचा त्याचा विचार. "मेकॅनिकलला आहेस ना? मग बसव!" असं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्यातून जे शिकले ते इथे मांडते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा मिक्स आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

आधी थोडी ओळख. हे मशीन कार्बन डायऑक्साइड लेझरवर चालतं, आणि हा लेझर १९६४ साली जगापुढे आणणारे शास्त्रज्ञ म्हणजे सी. कुमार एन. पटेल. जन्म १९३८ चा, गाव बारामती! इंजिनिअरिंग त्यांनी पुण्याच्या सरकारी कॉलेजात केलं, १९५८ साली डिग्री घेतली, पुढे स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये लागले. म्हणजे तेही कधीकाळी आपल्यासारखेच ड्रॉइंग शीट घेऊन फिरले असणार! त्यांच्या लेझरच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या लॅबमधल्या लाल ठिपक्याच्या सुमारे १७ पट. डोळ्यांना हा किरण मुळीच दिसत नाही, पण लाकूड, कागद, अ‍ॅक्रिलिक, कापड त्याला पटकन शोषून घेतात आणि त्या जागी वितळतात किंवा जळून वाफ होतात.

अशी मशीनं फक्त मोठ्या शहरांसाठी असतात असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, आणि फॅब लॅबच्या ठरलेल्या सामानात लेझर कटर असतोच. पाबळला चालतं तर उमरखेडला का नाही? फरक एवढाच की लॅब ती लॅब आणि घर ते घर. लॅबला संध्याकाळी कुलूप लागतं. घरात शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असते.

आणि आमच्या आजीला दमा आहे. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

लेझर 'कापतो' म्हणजे खरं तर जाळतो. कापलेल्या रेषेतला माल नाहीसा होत नाही, तो हवेत जातो. एमडीएफ कापलं की लाकडाच्या धुरासोबत त्यातल्या गोंदामधून फॉर्माल्डिहाइड निघतं. अ‍ॅक्रिलिकमधून मिथाइल मेथाक्रिलेटची वाफ निघते, तो उग्र वास ओळखू येतो. शिवाय धुराचे कण इतके बारीक असतात की नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. दमेकऱ्यांसाठी तर हे सगळंच वाईट. म्हणून धूर बाहेर ओढणारा पंखा, म्हणजे एक्झॉस्ट, हा मशीनचा भागच समजायचा.

मशीनसोबत एक छोटा पंखा आला होता. सुरू केल्याबरोबर आजी म्हणाली, "काहून बाप्पा, घरात इमान उतरवलं का?" दुपारी दादाचं बोलणं कानावर आलं: "आजी झोपली आहे, पाच मिनिटांचंच काम आहे, पंखा राहू दे बंद." मी तेव्हाच मशीनचा प्लग काढला, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका वाक्यात आहे. आवाज करणारा पंखा माणसं बंद करतात. बंद पंखा कितीही पॉवरफुल असला तरी काय उपयोग? तेव्हा शांत एक्झॉस्ट ही चैन नाही, ती सेफ्टी आहे.

आता पंखा शांत कसा करायचा? इथे थर्ड इयरचे फॅन लॉज कामाला येतात. (हो, परीक्षेनंतरही!) एकाच घडणीच्या पंख्यात हवा वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आवाज मात्र वेगासोबत फार झपाट्याने वाढतो. वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मग ४ इंची पंखा जोरात पळवण्याऐवजी ६ इंची पंखा सावकाश फिरवला तर? तेवढीच हवा ओढायला ६ इंची पंख्याला फक्त ३० टक्के वेग पुरतो. पंखा मोठा म्हणून आवाज थोडा वाढतो, वेग कमी म्हणून पुष्कळ उतरतो, आणि वजाबाकी केली तर कागदावर सुमारे १४ डेसिबलचा फायदा. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, त्यावरून अंदाज करा.

पण फुकट काही मिळत नाही. सावकाश फिरणाऱ्या त्या पंख्याचं प्रेशर जवळजवळ पाचव्या हिश्शावर येतं. म्हणून पाइपही ६ इंची हवा. तेवढीच हवा जाताना पाइपातलं घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतं, म्हणजे ४ च्या जागी ६ इंच घेतला की सुमारे आठव्या हिश्शावर येतं. उदाहरणार्थ, तासाला २५० घनमीटर हवा ४ इंची पाइपातून सेकंदाला जवळपास ९ मीटर वेगाने धावते, ६ इंचीतून ४ मीटरने. हवेची शिट्टीही त्यासोबत जाते. मशीनच्या मागचं तोंड चिंचोळं असेल तर तेही मोठं करावं लागतं, नाहीतर रुंद पाइपाचा फायदा तिथेच अडकतो.

पाइप कोणता? ती सुरकुत्यांची अ‍ॅल्युमिनियमची नळी दिसायला छान, पण प्रत्येक सुरकुती हवेला अडवते. आमच्याकडे शेतीच्या पाइपांना तोटा नाही. मशीनजवळचा पहिला मीटरभर भाग पत्र्याचा घेतला (चुकून ठिणगी गेली तर), आणि पुढे १६० मिलिमीटरचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप. वळणं दोनच, तीही सावकाश वळणारी. काटकोनी एल्बो म्हणजे हवेला स्पीड ब्रेकर.

पंखा कुठे बसवायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तो मशीनपाशी नको, पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, घराबाहेर बसवायचा. याचे फायदे दोन. एक, मोटरचा आवाज बाहेर राहतो. दोन, घरातल्या सगळ्या पाइपात हवा ओढली जात असते, त्यामुळे एखादा जॉइंट सैल असला तरी खोलीतली हवा आत जाईल, धूर बाहेर येणार नाही. पंखा मशीनपाशी ठेवला तर नेमकं उलटं होतं आणि प्रत्येक फट धूर सोडते. पंखा भिंतीला थेट ठोकला तर भिंत तबल्यासारखी वाजते, म्हणून तो सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगला. एवढ्यानेही ज्यांचं समाधान होणार नाही त्यांनी पंख्यानंतर सायलेन्सर लावावा, म्हणजे रुंद पेटीत छिद्रांचा पत्रा आणि पत्र्यामागे रॉकवूल. गादीचा स्पंज मात्र कधीही नाही, कारण धुरातला चिकट थर आणि स्पंज मिळून पेटायला वेळ लागत नाही. त्याच कारणासाठी पाइप अधूनमधून उघडून साफ करायचा.

आता शेजारी. खिडकीतून धूर बाहेर सोडला म्हणजे तो संपला असं नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला! आमच्या गल्लीत उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळतात आणि रात्री माणसं झोपतात. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पोरी, तुझा तो धूर माझ्या कुरडयांवर तर नाही ना येणार?" प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. म्हणून पाइप दोन्ही गच्च्यांच्या वर नेला आणि तोंड आकाशाकडे ठेवलं. वर टोपी घातली की पाऊस अडतो, पण धूरही टोपीला आपटून खालीच येतो. त्यापेक्षा टोकाभोवती जरा मोठ्या व्यासाची उघडी नळी बसवावी. पावसाचं पाणी दोन नळ्यांमधल्या फटीतून बाहेर गळतं आणि धूर सरळ वर जातो. पंखा बंद असताना मात्र वरून झाकण लावायचं. शिवाय वेळ ठरवली: काम दुपारी ११ ते ५. हिवाळ्यात संध्याकाळी शेकोट्यांचा धूर गावावर चादरीसारखा पसरलेला आपण पाहतोच, कारण जमिनीजवळची हवा थंड झाली की धूर वर चढत नाही. त्या वेळी लेझरही बंदच बरा.

जितकी हवा बाहेर, तितकी आत यायला हवी, हे विसरून चालत नाही. दारं-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट लावला तर पंखा नुसता फिरतो. इथे विदर्भाचं राष्ट्रीय वाहन, आपलं, राष्ट्रीय यंत्र, कूलर कामी येतो! कूलर खिडकीतून ताजी हवा आत ढकलतो, एक्झॉस्ट ती मशीनमधून ओढून घेतो. फक्त कूलरचा झोत थेट मशीनवर नको, नाहीतर धूर फटींमधून खोलीत उधळतो. सगळं नीट बसलं का, हे तपासायला महागडं मीटर लागत नाही. एक उदबत्ती पेटवून मशीन बंद असताना झाकणाच्या फटीपाशी धरा. तिचा धूर सगळीकडून आत ओढला गेला की पास!

कूलरचं दुसरं काम पाण्याचं. लेझरच्या काचेच्या नळीला ४० वॉट प्रकाश द्यायला ३००-४०० वॉट उष्णता सोसावी लागते, म्हणून तिच्यातून सतत डिस्टिल्ड पाणी फिरवतात. २० लिटर पाणी दहा मिनिटांत अडीच अंशांनी तापतं, आणि पाणी २५ अंशांच्या आसपास असावं अशी नळीची अपेक्षा. मे महिन्यात पारा ४३ वर असताना टाकीचं पाणी हाताला चटका देतं! माठात ठेवायची कल्पना दादाची, पण माठ दिवसाला लिटर-दोन लिटर पाणी उडवतो, म्हणजे सरासरी २५-५० वॉट थंडावा. कूलर तासाला कित्येक लिटर उडवतो. कोरड्या हवेत त्याच्या टाकीतलं पाणी २३-२५ अंशांवर येतं. म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं कूलरच्या टाकीत बुडवलं आणि नळीचं पाणी त्यातून फिरवलं. पावसाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही, आणि बर्फ टाकणं तर धोक्याचं. दमट हवेत गार नळीवर घाम सुटतो आणि तिथे हजारो व्होल्ट असतात. तेव्हा थोडं थोडं काम करायचं आणि थांबायचं.

व्होल्टेजचं आलंच आहे तर सांगते. कूलरचा करंट लागून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. इथे कूलरही आहे आणि लेझरही. दोघांना चांगली अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पण नळीच्या हाय व्होल्टेजच्या बाजूला तो आरसीसीबी वाचवेल या भ्रमात राहू नका. प्लग काढल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही, आणि काढल्यावरही लगेच हात घालायचा नाही.

काय कापायचं नाही, हेही पाठ करा: पीव्हीसी. रेक्झिन, व्हायनिल स्टिकर, सगळे त्याच घरातले. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं, ते फुप्फुसांना जाळतं आणि मशीनला गंज चढवतं. ओळख पटत नसेल तर तांब्याची तार तापवून त्या प्लास्टिकला टेकवा आणि मोकळ्या हवेत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, माल परत! (धूर वाहायला पीव्हीसीचा पाइप चालतो, कापायला पीव्हीसी चालत नाही.) आणि मशीन चालू असताना तिथून उठायचं नाही. आग लागायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही.

शेवटची गोष्ट छोटी, पण माझ्या मते सगळ्यात मोठी. पॉवर सप्लायवर लो व्होल्टेजचा एक सेफ्टी टर्मिनल असतो. त्याच्या सिरीजमध्ये तीन स्विच जोडले: झाकणाचा, पाण्याच्या प्रवाहाचा आणि पाइपातल्या हवेचा. तिन्ही ठीक असतील तरच लेझर पेटतो. लाइट गेली, पंखा बंद पडला, की लेझर आपोआप बंद. 'पाच मिनिटांचंच काम' म्हणायची सोयच ठेवली नाही! पंखा शांत असल्यामुळे दादाची त्यावर तक्रारही नाही, कारण तो बंद करावा असं आता कोणाला वाटतच नाही.

ता. क. : हॉस्टेलच्या रूममध्ये हे करायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडून द्या. तिथे पाइप न्यायला आकाश नाही, आणि आजूबाजूला झोपलेली माणसं मात्र पुष्कळ आहेत. रेक्टर सर, आमच्याकडून काळजी नसावी!