बर्फावरचा वेग, आखाड्यातला जोर

जळगाव-धुळ्यात बर्फाचे मैदान नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तरीही आइस हॉकीतला वेग ज्या तालमीतून येतो, ती खान्देशच्या ओळखीची आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पुढे पोलीस दलात असताना, २०२३ मध्ये, त्यांनी कॅनडात विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवले. विनिपेग हे हॉकीवेडे शहर. तिथली मुले उन्हाळ्यात बर्फ सोडून जमिनीवर जो सराव करतात, त्यातला बराचसा आपल्या पैलवानांना नवा वाटणार नाही.

भारतीय खेळाडूंना तर जमिनीवरच्या सरावाला फारसा पर्याय नाही. लडाखमधला नैसर्गिक बर्फ हिवाळ्यात जेमतेम दोनेक महिने टिकतो. उरलेले वर्ष अंग मुख्यतः जमिनीवरच तयार करावे लागते. लडाखच्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले.

बर्फावर पाय सरळ मागे रेटून भागत नाही. बुटाखालचे पाते पुढे घसरते, त्याला मागे पकड मिळत नाही. म्हणून पाऊल बाहेर वळवून बाजूला आणि मागे रेटा द्यावा लागतो. हा रेटा नितंब आणि मांडीच्या स्नायूंचा, आणि तोही एका वेळी एकाच पायाचा. बाहेर गेलेला पाय पुन्हा आत ओढतात ते मांडीच्या आतले स्नायू. हॉकीत जांघ दुखावते ती इथेच. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंवरचा २००१ चा अभ्यास सांगतो की, आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्यांच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर जांघेच्या दुखापतीची शक्यता तब्बल १७ पट वाढते.

आपल्या बैठकांनी मांड्या भरतात, दम वाढतो. पण पाचशे बैठका मारणारा मुलगा चपळ असेलच असे नाही. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. स्नायूला पूर्ण जोर लावायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, आणि खेळात तेवढीही सवड क्वचितच मिळते. कमी वेळात जास्त बल काढायची सवय हवी असेल, तर आवर्तने थोडी, प्रत्येक पूर्ण वेगाने आणि मध्ये भरपूर विश्रांती. झटक्याला लागणारे स्नायूतले इंधन दहाएक सेकंदांत सरते आणि ते भरून यायला काही मिनिटे जातात. दमलेल्या पायांनी मारलेली उडी शरीराला हळूपणाच शिकवते.

म्हणून जोर-बैठका राहू द्याव्यात, पण त्यांच्या आधी, पाय ताजे असताना, एका पायावरून दुसऱ्यावर बाजूला उड्या माराव्यात. उतरताना गुडघा आत वळू न देता क्षणभर स्थिर राहायचे. आखाड्याची भुसभुशीत माती उतरायला मऊ आहे, पण ती रेटा गिळते. उडी मारायला शेजारची घट्ट जमीन बरी.

‘वजन उचलले की पोराची उंची खुंटते’ हा समज घरोघरी आहे. त्याला आधार नाही. देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेला ताकदीचा सराव मुलांसाठी सुरक्षित आहे, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले. वयात येण्यापूर्वी मुलांचे दंड फारसे फुगत नाहीत. वाढते ती मेंदू आणि मज्जातंतूंची स्नायूंना एकदम कामाला लावण्याची हातोटी. उंची झपाट्याने वाढते त्या काळात मात्र मुले काही महिने अवघडल्यासारखी हालतात. तेव्हा वजन वाढवण्याची घाई नको, ठेवण सुधारावी.

खान्देशातल्या उन्हाळ्यात हे सारे सकाळी सातच्या आत आटपावे. साहित्य म्हणाल तर एक टेप पुरे. उभ्या जागेवरून मारलेली लांब उडी मोजून लिहून ठेवावी. सरावात ती ठळक आखूड पडू लागली, की त्या दिवशीच्या उड्या तिथेच थांबवाव्यात, मुलगा कितीही ‘अजून एक’ म्हणाला तरी.