थकव्याला रोज्याचे नाव देण्याआधी

रमजानचे पहिले आठ-दहा रोजे झाले की घराघरांत एक वाक्य ऐकू येते, ‘रोज्यामुळे होतंय.’ तळपायांना मुंग्या येतात, तरावीहच्या नमाजला उभे राहिले की मांड्या भरून येतात, ठेवलेली वस्तू सापडत नाही, लहानसहान गोष्टीवर चिडचिड होते. सगळ्याचे खापर रोज्यावर. सदाशिव पेठेतल्या घरात हेच खापर चातुर्मासातल्या उपासांवर फुटते आणि हिंजवडीला रात्रपाळी करणाऱ्याच्या घरी जागरणावर. पण ईद होऊन दोन महिने उलटले, तरी मुंग्या जात नसतील तर?

अशा तक्रारी एकेकट्या येत नाहीत, पण दाखवल्या जातात एकेकट्या. केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरकडे, पाय बधिर होतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, छातीत धडधडते म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडे. तोंड येते, त्यासाठी घरचा तुपाचा उपाय. उदास वाटते, त्यासाठी तर कोणाकडेच नाही. फायली वाढत जातात आणि घरातली बाई ‘सारखी कुरकुरणारी’ ठरते. या सगळ्या तक्रारींचा धागा अनेकदा ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेत, नाहीतर थायरॉइडच्या बिघाडात असतो, आणि तो साध्या रक्ततपासणीत सापडतो.

या बाबतीत पुण्याला दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सारे वरवर धडधाकट होते, तरी ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारींना धोका चौपटीहून अधिक होता.

हे वाचून मोमिनपुऱ्यातला किंवा कोंढव्यातला वाचक म्हणेल, ‘आम्ही तर गोश्त खाणारे, आमचा काय संबंध?’ संबंध आहे. ब-१२ प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. दूध, दही, अंडी, मासे, मांस. पण घरात गोश्त शिजते म्हणजे ते प्रत्येकाच्या ताटात पडतेच असे नाही. आठवड्यातून एकदा अर्धा किलो आणले, दहा माणसांत वाटले, तर शेवटी जेवायला बसणारीच्या वाट्याला रस्सा येतो. शिवाय पोटातून ते शोषले जाण्याची वाट अडली, तर ताटात असूनही उपयोग होत नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही अडचण दिसते. या दोन्ही गोळ्या पुण्याच्या कोणत्याही पेठेत जात-धर्म न विचारता घेतल्या जातात.

महाराष्ट्रात या शोधाची सुरुवात फार जुनी आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायांमधला एक जीवघेणा रक्तक्षय तिला समजून घ्यायचा होता. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. तिला दिसले की आजार सर्वांत जास्त गरीब मुस्लिम बायांमध्ये आहे, आणि सर्वांत निकृष्ट अन्नही त्यांच्याच वाट्याला येते. यीस्टच्या अर्काने या बाया बऱ्या होऊ लागल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या गोळीच्या मुळाशी मुंबईतल्या त्या निनावी बाया आहेत.

मात्र एका गोळीने सगळे भागत नाही, हेही पुण्यानेच दाखवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक यांच्या पथकाने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र क्वचित. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या शरीराचा सहाव्या वर्षीच इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत मंद होता. पुढे येणाऱ्या मधुमेहाची ती चाहूल. मोठ्यांतही नुसत्या फोलिक आम्लाने रक्त सुधारते, पण ब-१२ अभावी नसांची हानी आतून चालूच राहते. फार उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही.

ड जीवनसत्त्वाचे काम तर संप्रेरकासारखेच चालते. कातडीवर ऊन पडले की ते तयार होते. ते कमी पडले की हाडे दुखतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. याचा दोष एकट्या बुरख्याला देऊ नये. पुण्यातली दुचाकीवरची मुलगी स्कार्फ, गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालूनच बाहेर पडते, मग तिचे आडनाव काहीही असो.

थायरॉइड मंदावला की वजन वाढते, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, पाळी बिघडते, मन खचते. तपासणी टीएसएचची. थायरॉइडविरुद्ध शरीरच प्रतिपिंडे तयार करत असेल, तर अशा रुग्णांत ब-१२ची कमतरताही अधिक आढळते. म्हणून एक सापडले की दुसरे पाहावे.

पण तपासणीआधीच गोळ्यांचा मारा नको. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक असते. ती कोणी रोज घेत राहिले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉइडच्या चाचणीचे आकडे चुकवू शकते. ते घेत असल्यास प्रयोगशाळेत आधी सांगावे.

रोजेदारांसाठी दोन गोष्टी. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी लागते. सहेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी, किंवा रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर. इफ्तारनंतर लगेच चहा घेतला तर जेवणातले लोह कमी शोषले जाते, तासभर थांबावे. नेमकी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रक्त तपासायला दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा मानतात. आणि आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

यकृतात ब-१२चा साठा वर्षानुवर्षे पुरतो. तीस दिवसांच्या रोज्यांनी तो संपत नाही, चार महिन्यांच्या चातुर्मासानेही नाही. तो रिता होतो अनेक वर्षांच्या अर्ध्या ताटाने, आणि ‘होतंय म्हणून चालायचंच’ या सवयीने. या महिन्यात घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. त्याच वहीत एक ओळ वाढवावी: घरात सगळ्यांत शेवटी जेवते कोण, आणि तिचे रक्त शेवटचे कधी तपासले?